मैलामागे तीन पेन्स
(लिंकनशायरमधल्या रोजनिशीतली काही पानं)

२६ नोव्हेंबर २०२५, बुधवार

अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज पार्लमेंटमध्ये उभ्या राहण्याआधीच बातमी फुटली होती. अंदाजपत्रकाची छाननी करणाऱ्या ओबीआर या संस्थेचा अहवाल भाषणाच्या आधीच चुकून सगळ्यांना खुला झाला. दुपारी पेशंटच्या घरून निघून गाडीत बसले आणि रेडिओ लावला तर सगळीकडे तोच विषय. एप्रिल २०२८ पासून विजेवरच्या गाड्यांना मैलामागे तीन पेन्स कर, प्लग-इन हायब्रिडला दीड पेन्स. आपल्या पैशात मैलाला साडेतीन रुपयांच्या आसपास.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. खुब्याचं हाड मोडलेले, अर्धांगवायूतून सावरणारे, गुडघे बदललेले माझे पेशंट लाऊथपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत विखुरलेले आहेत. गाडी हे माझं कामाचं हत्यार आहे. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली. कामाचं आणि घरचं मिळून वर्षाला बारा हजार मैलांच्या आसपास फिरणं होतं. म्हणजे वर्षाला ३६० पौंड. शिवाय या एप्रिलपासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही वर्षाचा १९५ पौंडांचा वाहनकर लागू झालाच आहे.

रेडिओवर फोन करणारे बहुतेक सगळे चिडलेले होते. कोणी म्हणे ही फसवणूक आहे, कोणी म्हणे आज विजेच्या गाड्या, उद्या सगळ्यांवर येणार. सरकारने लोकांची मतं मागवली आहेत, त्याला मार्चपर्यंत मुदत आहे. मी माझं मत पाठवणार. पण रागाच्या भरात चार ओळी खरडून पाठवायच्या नाहीत. या तीन-चार महिन्यांत जे ऐकेन, जे समजेल, ते इथे लिहून ठेवते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत खडाजंगी झाली. डिझेल गाडी चालवणारा आमचा एक सहकारी म्हणाला, "आम्ही इतकी वर्षं भरतोय, आता तुम्ही भरा." त्याला बाकीच्यांनी गप्प केलं, पण त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. घरी येऊन हिशोब मांडला. इथे लिटरमागे ५२.९५ पेन्स इंधनकर आहे. एका गॅलनला चाळीस मैल देणारी पेट्रोलची गाडी धरली तर मैलामागे साधारण सहा पेन्स होतात, त्यावर व्हॅट वेगळा. म्हणजे विजेच्या गाडीवरचा नवा कर पेट्रोलवाल्याच्या निम्मा. इंधनकरातून सरकारला वर्षाला २४ अब्ज पौंडांच्या आसपास मिळतात. २०३० नंतर निव्वळ पेट्रोल-डिझेलची नवी गाडी विकता येणार नाही, तेव्हा हा झरा आटत जाणार हे उघड आहे. रस्ते मी वापरते, ते झिजतात, त्यांचा खर्च कोणीतरी द्यायचा. माझी गाडी धूर सोडत नाही म्हणून तिचं वजन रस्त्यावर पडत नाही असं थोडंच आहे?

दुसरा मुद्दा आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचा. जुलैमध्ये याच सरकारने नवी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला ३,७५० पौंडांपर्यंत अनुदान जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये त्याच गाडीवर मैलाचा कर. ओबीआरचाच अंदाज आहे की या करामुळे येत्या काही वर्षांत सुमारे ४ लाख ४० हजार इलेक्ट्रिक गाड्या कमी विकल्या जातील, आणि त्यातली काही घट इतर सवलतींनी भरून निघेल. लोकांनी विजेच्या गाड्यांकडे वळावं असं एका तोंडाने सांगायचं आणि दुसऱ्या हाताने त्यांना मागे ओढायचं, हे त्या बाईंना पटत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो मांडणारी सगळ्यांत कमी बोलली. नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी आहे, भाड्याच्या घरात राहते, दारात गाडी लावायला जागा नाही. माझ्यासारखीने रात्री घरी गाडी चार्ज केली तर स्वस्त दर आणि ५ टक्के व्हॅट. तिला सार्वजनिक चार्जरवर जावं लागतं, तिथे युनिटचा दर कित्येक पटींनी जास्त आणि व्हॅट २० टक्के. तिच्या मैलाला माझ्या मैलापेक्षा आधीच कितीतरी जास्त पैसे पडतात. त्यावर दोघींना सारखेच तीन पेन्स.

६ डिसेंबर, शनिवार

मी या देशात आले त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. २००७ चा फेब्रुवारी मला चांगला आठवतो. तेव्हा आम्ही लेस्टरला होतो आणि हॉस्पिटलमध्ये जो तो एकच विचारायचा, "सही केलीस का?"

गोष्ट अशी होती. २००५ मध्ये तेव्हाचे वाहतूकमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांनी देशभर रस्तावापराचं शुल्क घेण्याची कल्पना मांडली. गाडीत उपग्रहाशी जोडलेली पेटी बसवायची आणि कुठे, किती वाजता, किती गाडी चालवली त्यावरून दर ठरवायचा. खेड्यातल्या मोकळ्या रस्त्याला मैलाला दोन पेन्स, आणि सर्वांत गर्दीच्या रस्त्याला ऐन गर्दीच्या वेळी १ पौंड ३४ पेन्सपर्यंत. त्या बदल्यात इंधनकर कमी करण्याची चर्चा होती.

पंतप्रधानांच्या कार्यालयाने लोकांना ऑनलाइन अर्ज करायची सोय नुकतीच केली होती. त्यावर या शुल्काविरुद्ध एक अर्ज आला आणि २० फेब्रुवारी २००७ ला मुदत संपेपर्यंत त्याखाली १८ लाख सह्या जमल्या. टोनी ब्लेअर यांना सह्या करणाऱ्यांना ई-मेलने उत्तर द्यावं लागलं. पुढे ती योजना बारगळली.

लोकांचा मुख्य आक्षेप पैशाचा नव्हता, निदान मला तरी तसं जाणवलं. आमची वॉर्डातली जुनी सिस्टर म्हणायची, "मी कुठे जाते हे माझ्या नवऱ्यालाही सांगत नाही, सरकारला का सांगू?" घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतची प्रत्येक हालचाल सरकारदप्तरी नोंदवली जाणार ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पुढच्या वर्षांत आपली माहिती कुठून कुठे गेली ते पाहिलं तर त्यांची भीती रास्तच होती.

आत्ताच्या प्रस्तावात म्हणूनच पेटी नाही. सरकारने स्पष्ट सांगितलं आहे की गाडी कुठे आणि केव्हा चालवली हे कोणी विचारणार नाही. वर्षाच्या सुरुवातीला किती मैल होतील याचा अंदाज द्यायचा, पैसे एकदम किंवा महिन्याच्या हप्त्याने भरायचे, आणि वर्षअखेरीस मीटरचं रीडिंग पाहून कमी-जास्त मिटवायचं.

पण आज संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. २००७ ला जी पेटी नाकारली तिच्यासोबत खेड्याचा दोन पेन्सचा दरही गेला. आता मीटर फक्त आकडा सांगतं, जागा सांगत नाही. लंडनमध्ये ज्याच्या दारातून दर दहा मिनिटांनी बस जाते त्याचा मैल, आणि लिंकनशायरच्या शेतांमधून जाणारा माझा मैल, दोन्ही या करापुढे सारखे. तेव्हा लोकांनी नको म्हटलं आणि गप्प बसले. काय चालेल हे विचारायला सरकार पुन्हा आलं नाही आणि लोकांनीही सांगितलं नाही. त्या गप्प बसण्याची किंमत खेड्याने मोजायची वेळ आली आहे.

१४ डिसेंबर, रविवार

कोल्हापूरला दादाला फोन केला. मी विषय काढला मात्र, तो सुरूच झाला. "देणार नाय, देणार नाय, टोल आम्ही देणार नाय!" अकरा-बारा वर्षं झाली तरी आवाजातली धार तीच.

शहराच्या आतल्या रस्त्यांसाठी, ते बांधणाऱ्या कंपनीला टोल, तोही तीस वर्षं. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे सगळं शहर उभं राहिलं. तालमी, रिक्षावाले, वकील, बायाबापड्या, सगळ्या पक्षांचे लोक. जानेवारी २०१४ मध्ये संतापाचा भडका उडून टोलनाके पेटवले गेले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी टोल गेला. मी तेव्हा इथून रोज बातम्या वाचायचे आणि अभिमानाने सगळ्यांना सांगायचे.

दादा तापट आहे, पण विचाराने पक्का आहे. तो म्हणाला, "आमचं म्हणणं फुकट पाहिजे असं नव्हतं गं. पहिल्यापासून एकच मागणी होती, झालेल्या कामाचं मूल्यांकन करा. किती खर्च झाला, काम कसं झालं, गटारी कुठे अर्धवट राहिल्या, ते आधी सांगा." आणि मग थोडं थांबून म्हणाला, "कंपनीचे पैसे शेवटी सरकारने भागवायचं ठरवलंच की. म्हणजे कुणाच्या तरी खिशातून गेलेच."

कोल्हापूरच्या लढ्यातली मला शिकण्यासारखी गोष्ट ही वाटते. घोषणा "देणार नाही" अशी होती, पण तिच्या पाठीशी हिशोबाची मागणी होती. कंत्राटाची कागदपत्रं लोकांनी वाचली होती. चौकात उभा राहून माणूस किलोमीटर आणि खर्चाचे आकडे सांगायचा. इथे १८ लाखांनी सह्या केल्या, तिथे शहराने हिशोब मागितला. दुसरं जास्त कष्टाचं आहे.

दादाने आणखी एक सांगितलं. आपल्याकडेही अंतरावर टोल घेण्याच्या दिशेने पावलं पडत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले. उपग्रहावर चालणारं यंत्र बसवलेल्या गाडीला राष्ट्रीय महामार्गावर दिवसाला प्रत्येक दिशेला २० किलोमीटरपर्यंत टोल माफ आणि त्याहून जास्त गेलं तर जितकं अंतर तितका टोल, अशी त्यात तरतूद आहे. प्रत्यक्षात लोकांच्या हातात सध्या आला आहे तो फास्टॅगचा वार्षिक पास, ३,००० रुपयांत २०० फेऱ्या. पण ते माफीचे वीस किलोमीटर माझ्या मनात राहिले. दूध घालायला, शाळेत सोडायला, दवाखान्यात जायला जे अंतर रोज कापावंच लागतं, ते आधी बाजूला काढायचं. विचार चांगला आहे.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

भाचा हॅरोहून आला आहे. त्याच्याकडेही इलेक्ट्रिक गाडी. लंडनच्या मध्यभागी जायचं शुल्क आजपासून १८ पौंड झालं आणि विजेच्या गाड्यांना असलेली पूर्ण माफी नाताळात संपली. आता त्यांना ऑटो पेवर २५ टक्के सूट, म्हणजे साडेतेरा पौंड. तो वैतागला आहे, पण त्याच्या वैतागात आणि माझ्या काळजीत फरक आहे. त्याला गाडी आत न्यायचीच नसेल तर मेट्रोपॉलिटन लाइन आहे, बस आहे. त्याने स्वतःच सांगितलं की आठवड्यात गाडी बहुतेक दारातच असते.

हे शुल्क २००३ मध्ये पाच पौंडांनी सुरू झालं. आधी केवढा विरोध होता! पण ते टिकलं. का टिकलं? मला वाटतं दोन कारणं. एक म्हणजे पर्याय होता, पहिल्या दिवसापासून जादा बस रस्त्यावर होत्या. आणि दुसरं, मिळालेला पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन कायद्याने घातलेलं होतं. लंडनबाहेर इतर शहरांत मात्र लोकांनी साफ नकार दिला. एडिंबराने २००५ मध्ये सार्वमत घेतलं, जवळजवळ तीन चतुर्थांश मतं विरोधात. मँचेस्टरने २००८ च्या डिसेंबरमध्ये घेतलं, तिथे शेकडा ७९ लोक नाही म्हणाले. मँचेस्टरला तर शुल्काच्या बदल्यात ट्राम आणि बससाठी अब्जावधी पौंडांची योजना मिळणार होती. पण लोकांनी मोजलं ते असं: शुल्क नक्की येणार, ट्राम आली तर आली.

स्टॉकहोमने उलटं केलं. २००६ मध्ये आधी सात महिने शुल्क लावून दाखवलं, जादा बस दिल्या, रस्ते मोकळे झालेले लोकांना डोळ्यांनी पाहू दिले आणि मग सार्वमत घेतलं. शहरातल्या लोकांनी हो म्हटलं. लोकांना आधी अनुभव द्या, मग मत विचारा.

१५ जानेवारी, गुरुवार

गाडीची एमओटी होती, म्हणजे दरवर्षीची फिटनेस तपासणी. गॅरेजवाला आमच्या ओळखीचा. गाडी उचलून खालचं बघून झाल्यावर तो आत बसला, डॅशबोर्ड चालू केला आणि मीटरवरचा आकडा यंत्रात भरला. एवढंच. या एका नोंदीवर सगळा नवा कर उभा राहणार आहे.

मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं? त्याच्या बोलण्यात राग नव्हता, व्यवसायातल्या माणसाची काळजी होती. नव्या गाडीची एमओटी तिसऱ्या वर्षी सुरू होते. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत फक्त मीटर दाखवायला लोकांना यावं लागणार. आणि मीटर मागे फिरवणं हा इथला जुना धंदा आहे. आजवर गाडी विकताना भाव यावा म्हणून करायचे. आता दर हजार मैलांमागे तीस पौंड वाचणार असतील तर दर वर्षी करतील. "प्रामाणिक माणूस भरेल आणि लबाड माणूस सुटेल. पेट्रोलच्या करात ही सोय नव्हती," तो म्हणाला. पंपावर नळी लावली की कर कापला गेला. विरोध करणाऱ्यांच्या मुद्द्यांत हा मला सगळ्यांत कमी ऐकू येतो आणि तो सगळ्यांत आधी सोडवायला हवा.

अजून एक गोष्ट तो बोलून गेला. फ्रान्सला सुट्टीवर गाडी नेली तर तिथल्या मैलांचाही कर इथेच. तिथल्या रस्त्याला वेगळा टोल भरायचाच. उत्तर आयर्लंडमध्ये तर लोक रोज कामाला सीमा ओलांडून जातात. मीटरला सीमा दिसत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

उद्या रथसप्तमी, म्हणून आजच लिंकनला हळदीकुंकू उरकलं. आमच्या भागात मराठी घरं थोडी आहेत, बहुतेक हॉस्पिटलच्या नोकऱ्यांमुळे आलेली, आणि सगळ्या लांबून गाड्या घेऊन येतात. कोणी ग्रँथमहून, कोणी इथल्याच बॉस्टनहून. तिळगूळ वाटून झाल्यावर विषय निघालाच.

एकीची मोठी बहीण मेलबर्नला असते. तिने सांगितलेली हकीकत सगळ्यांनी कान देऊन ऐकली. तिथे व्हिक्टोरिया राज्याने जुलै २०२१ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना किलोमीटरमागे अडीच सेंट लावले होते. दरवर्षी मीटरचा फोटो काढून पाठवायचा. दोन गाडीमालक थेट ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा होता की हा एक प्रकारचा अबकारी कर आहे आणि घटनेप्रमाणे तो लावायचा अधिकार फक्त केंद्राला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि कर रद्द झाला.

सगळ्यांना आनंद झाला. मलाही क्षणभर झाला. पण त्या निकालाने करावर कोणी बोलायचं थांबलं नाही, उलट आता केंद्राने देशभर तो लावावा अशी चर्चा तिथे सुरू आहे. कोर्टाने कोणी कर लावायचा ते ठरवलं. किती आणि कसा लावायचा हे कोर्ट ठरवत नाही, ते लोकांनीच सांगावं लागतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी मेबलथॉर्पकडे पेशंट होते. नॉटिंगहॅमशायरच्या खाणीत काम केलेले आजोबा, निवृत्तीनंतर समुद्राजवळ छोट्या बंगल्यात राहायला आलेले. या किनाऱ्यावर असे खूप आहेत. खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे. वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणि परत, एवढा आजचा व्यायाम.

जाताना रस्ता फार वाईट होता. आमच्याकडे रस्ते अरुंद आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे खोल चर. थंडीने डांबर फुगून फुटतं, ट्रॅक्टरच्या चाकांनी कडा तुटतात. एका वळणावर साईडपट्टी पूर्ण ढासळून चरात गेली आहे, तिथे कित्येक आठवडे नुसता लाल-पांढरा शंकू उभा आहे. समोरून बीटाचा ट्रक आला की कोणीतरी मागे जायचं.

मी निघत होते तेवढ्यात आजोबांची मदतनीस आली. दिवसातून अनेक घरी जाते, कोणाला उठवून अंघोळ घालायची, कोणाला औषध द्यायचं, कोणाला जेवण गरम करून द्यायचं. गाडी जुनी, पेट्रोलची. दार उघडं ठेवूनच तिने डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढली आणि मीटर बघून आकडा लिहिला. पानावर दोन रकाने: कुठून, कुठे. कोपरे दुमडलेले, एका पानावर चहाचा डाग. कंपनी तिला मैलाचे पैसे देते, पण दोन घरांमधला वेळ पगारात धरला जातो की नाही यावरून तिचा नेहमी वाद चालू असतो. कर न कापता मैलामागे जास्तीत जास्त ४५ पेन्स भत्ता द्यायची मुभा आहे, आणि तो आकडा २०११ पासून तसाच आहे.

तिला मी विचारलं, विजेची गाडी घेणार होतीस ना? ती म्हणाली, "घेणार होते. आता थांबते. मी कुठे जाते ते मी ठरवत नाही. म्हातारी माणसं जिथे पडतात तिथे मला जावं लागतं."

लाऊथला पूर्वी रेल्वे होती. पुढे या बाजूचे मार्ग एकामागून एक बंद केले. १९७० मध्ये मेबलथॉर्पचीही गेली, लाऊथची प्रवासी गाडीही गेली. इथे फोन करून बोलवायची कॉलकनेक्टची बस आहे आणि ती ज्यांना सोयीची पडते त्यांना देवासारखी वाटते, पण सकाळी साडेसहाला तीन खेड्यांतल्या तीन म्हाताऱ्यांना उठवणारी बाई तिच्यावर नोकरी करू शकत नाही. आधी सरकारने रेल्वे काढली, मग बस कमी झाल्या, आता गाडीच्या मैलावर कर. या बाईने विरोध केला तर तिला स्वार्थी म्हणायचं का?

१ मार्च, रविवार

दिवसभर पत्राचा मसुदा. नवरा म्हणतो, तुझं पत्र कोण वाचणार? वाचोत न वाचोत, नागरिक म्हणून माझं काम मी करणार.

दोन आधार हाताशी ठेवले आहेत.

पहिला न्यूझीलंडचा. तिथे डिझेल गाड्या कित्येक दशकं अंतरावर कर भरतात, एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्याही. हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर आगाऊ भरायचे आणि त्याची पट्टी काचेला लावायची. कुरकुर तिथेही आहे. पण तो पैसा थेट वाहतुकीच्या राष्ट्रीय निधीत जातो, आणि तो निधी रस्ते आणि वाहतुकीसाठी बांधलेला आहे. माणसाला आपल्या पैशाचा माग काढता येतो. इंग्लंडमध्येही कधीकाळी हेच होतं. लॉइड जॉर्ज यांनी १९०९ मध्ये गाड्यांवर आणि पेट्रोलवर कर लावला तेव्हा तो रस्त्यांसाठीच वापरायचं ठरलं होतं. १९२६ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी त्या निधीला हात घातला आणि १९३७ पासून तो संबंधच तोडला. तेव्हापासून गाडीवाल्याचा पैसा सरकारच्या मोठ्या तिजोरीत जातो. "रस्त्याच्या नावाने घेता आणि भलतीकडे उडवता," ही इथल्या माणसाची तक्रार शंभर वर्षांची आहे.

दुसरा आधार आपल्या इथलाच. दूरच्या भागांत पेट्रोल महाग पडतं म्हणून २०१२ पासून स्कॉटलंडची बेटं आणि सिली बेटं इथे लिटरमागे पाच पेन्स सूट मिळते. २०१५ मध्ये मुख्य भूमीवरचे सतरा दूरचे भाग त्यात आले. लिंकनशायर त्यात नाही, पण तत्त्व तर मान्य झालेलं आहे: जिथे गाडीशिवाय चालत नाही तिथे कर कमी. मग विजेच्या गाडीला ते तत्त्व का लागू नाही?

पेटी नको हे मला मान्य आहे. पण अशी सूट द्यायला पेटी लागतच नाही. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचा पत्ता वाहन खात्याकडे आधीपासून असतो. कुठल्या भागात दिवसाला किती बस जातात हेही सरकारला माहीत असतं. दोन्ही एकत्र केले की झालं. कोण कुठे गेलं हे विचारायची गरजच नाही.

१४ मार्च, शनिवार

पत्र पूर्ण झालं. मुख्य मागण्या इथे उतरवून ठेवते.

कर द्यायला माझी हरकत नाही. रस्ते वापरणाऱ्याने रस्त्यांसाठी पैसे द्यावेत.

प्रत्येक गाडीला वर्षाचे काही मैल माफ असावेत, आणि जिथे बस-रेल्वे नाही तिथल्या पत्त्यांना माफीचे मैल जास्त मिळावेत. दुसऱ्याच्या घरी जाऊन सेवा करणाऱ्यांचे कामाचे मैल करातून पूर्ण वगळावेत.

सार्वजनिक चार्जरवरचा व्हॅट घरच्याइतकाच, ५ टक्के करावा. ही सुधारणा २०२८ च्या आधी व्हावी.

गोळा झालेल्या पैशाचा हिशोब दर वर्षी जिल्ह्यागणिक छापावा: किती आले, कुठल्या रस्त्यावर गेले.

मीटर फिरवणाऱ्यांवर कारवाईची व्यवस्था कर सुरू होण्याआधी उभी राहावी.

आणि मोठ्या प्रमाणावर लावण्याआधी एका ग्रामीण आणि एका शहरी भागात वर्षभर करून पाहावं.

काल मसुदा ऑफिसात वाचून दाखवला. काहींनी आपली नावं घालायला सांगितलं. मदतनीस बाईला फोनवर सांगितला तेव्हा तिने फक्त "कामाचे मैल" ही ओळ पुन्हा वाचायला लावली आणि "माझं नाव घाल" म्हणाली. डिझेलवाल्या सहकाऱ्याने मात्र नाव दिलं नाही. त्याचं म्हणणं स्पष्ट आहे. पत्त्यावर सूट ठेवली की शहरातले पैसेवाले किनाऱ्यावरच्या दुसऱ्या घराच्या पत्त्यावर गाडी नोंदवतील. शिवाय एकदा मैल मोजायला सुरुवात झाली की दर वाढवायला एका ओळीचा बदल पुरतो. आज तीन, उद्या सहा. "त्यांना दार उघडूनच देऊ नये," असं तो म्हणतो.

दुसऱ्या घराचा त्याचा मुद्दा मी पत्रात घातला, सूट फक्त राहत्या घराच्या पत्त्यावर द्यावी म्हणून. दुसऱ्या भीतीवर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. दर वाढवायचा असेल तर पार्लमेंटमध्ये त्यावर स्वतंत्र मतदान व्हावं, एवढं लिहिलं. पण त्याच्या "नाही" शी मी सहमत होऊ शकत नाही. २००७ मध्ये १८ लाख लोकांनी दार लावलं आणि एकोणीस वर्षांनी कर आला तो खिडकीतून, खेड्याची बाजू न विचारता. या वेळी आत येताना त्याला आमच्या अटी ऐकाव्या लागतील, आणि ऐकल्या नाहीत तर आमच्या खासदाराला लाऊथच्या बाजारात शनिवारी उभं राहून लोकांना उत्तर द्यावं लागेल. पत्राची एक प्रत आजच त्यांना पाठवली आहे.